नबीलकाकांवर राज्य

माणूस भेटला की लोक हात मिळवतात, फार तर मिठी मारतात. नबीलकाका समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचे. विचारणं नाही, सांगणं नाही. खिशातून पिवळं फडकं काढायचं, दोन्ही काचांवर हाऽऽ करून वाफ सोडायची, कडेकडेनं पुसायचं, उजेडाकडे धरून बघायचं आणि मग ज्याचा चष्मा त्याच्या कानांवर स्वतःच्या हातानं चढवून म्हणायचे, "नाऊ. आता बघा."

आयर्लंडमधल्या नास गावातल्या या घरात आम्ही राहायला आलो, त्या दिवशी व्हॅनमधून खोकी उतरवताना हा प्रकार माझ्यावर झाला. पांढऱ्या मिशांचा उंच अनोळखी माणूस शेजारच्या दारातून येतो काय आणि माझा चष्मा काढतो काय! माझ्या हातात कुकर होता. तो त्यांच्या डोक्यात घालावा असं क्षणभर मनात आलं, पण चष्म्याशिवाय मला हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही, नेम चुकला असता. तेवढ्यात चष्मा परत आला आणि समोरची हिरवळ, तिच्यावरचा बाक, पलीकडची विटांची घरं सगळं लख्ख झालं. "तुम्ही आत्तापर्यंत स्वतःच्या बोटांचे ठसे बघत होतात," ते म्हणाले. "आयर्लंड त्याच्या मागे आहे." मला हसू आलं आणि कुकर मी खाली ठेवला.

मेन स्ट्रीटवर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मूळचे गाझातले, खान युनिसचे. तरुणपणी शिकायला डब्लिनला आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं. ती आजारपणात गेली आणि हे मागे राहिले. आता तेही इथं नाहीत, कैरोला असतात, आणि शेजारच्या घरात दुसरंच कुटुंब राहतं. ते बोलायचे इंग्रजीत, आणि तेही अस्सल इथल्या, किलडेअर परगण्याच्या चालीवर, वाक्यागणिक 'ग्रँड', म्हणजे झकास. इथं मी ते मराठीत आणते आहे, तेव्हा निम्मी गंमत वाटेतच सांडणार. माझी मुलगी ईरा त्यांना पहिल्याच आठवड्यात नबीलकाका म्हणायला लागली. मग मीही म्हणायला लागले.

डोळे तपासताना भिंगं बदलत विचारतात ना, 'हे स्पष्ट की हे? एक की दोन?' नबीलकाकांचा सगळा दिवस तेच विचारण्यात जायचा. आणि त्यांचं गाव कुठलं हे कळलं की लोक मान तिरकी करून, आवाज मऊ करून त्यांना विचारायचे, "एक राज्य की दोन? तुम्हाला काय वाटतं?" ते वैतागायचे. "दिवसभर मी लोकांना विचारतो, एक की दोन. संध्याकाळी तेच लोक मला विचारतात. मी निदान उत्तर ऐकून चष्मा तरी बनवून देतो हो! हे उत्तर घेतात आणि 'हाऊ सॅड' म्हणून घरी जातात."

त्यांना त्या काळात एक की दोन यातलं काहीच नको होतं. त्यांना सलमा हवी होती. सलमा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. शाळेत शिवण शिकवायची, नवरा केव्हाच वारलेला, आणि अंगात साखरेचा आजार. युद्ध सुरू झालं, घर गेलं, आणि ती एका तंबूतून दुसऱ्या तंबूत फिरत राहिली. तिला तिथून बाहेर काढायचं आणि नासला आणायचं, एवढ्या एकाच गोष्टीसाठी नबीलकाका सकाळी उठायचे. वरच्या खोलीला त्यांनी रंग दिला होता, पलंग आणला होता. तिचा चष्मा मोडला होता आणि ती एका काडीला दोरा बांधून तो वापरत होती, म्हणून तिच्या अंदाजी नंबरचा नवा चष्मा करून उशीशी ठेवला होता. गाझातून बाहेर पडायची परवानगी मिळालेल्यांच्या यादीत तिचं नाव लागेना. कारण विचारलं की एकच शब्द यायचा, सुरक्षा. "कुणाची?" मी एकदा विचारलं. "तेच कुणी सांगत नाही," ते म्हणाले. "माझी बहीण पत्त्यांत लबाडी करते. त्याखेरीज तिच्यापासून जगाला काही धोका नाही."

आणि अशा माणसाला मी काय ऐकवावं? माझ्या सासऱ्यांचा व्हिसा लांबला होता. "बघा ना नबीलकाका, म्हाताऱ्या माणसाला नातीला भेटायचंय, आणि या लोकांचे प्रश्न काय, कागद काय! नुसता छळ मांडलाय," असं मी कुंपणावर रेलून तावातावानं बोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खरोखर हळहळले. "वाईट आहे," म्हणाले, "वाट बघायला लावणं फार वाईट." मग आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले. तो चहा मी आवडीनं प्याले, हे आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

सासरे आले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. बेळगावचे, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. गप्प बसणं त्यांना माहीत नाही. टीव्हीवर चर्चा लागली की आवाज मोठा करून निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या प्रत्येक वाक्याला "बरोब्बर!" म्हणायचं, हा त्यांचा संध्याकाळचा कार्यक्रम. मला धडकी भरली. पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावलं, "दादा, शेजारचे गृहस्थ गाझाचे आहेत. फार चांगला माणूस आहे. त्यांच्यापुढे तो विषय अजिबात नको."

"होय की," दादा म्हणाले. "मला तेवढं कळत नाही होय गं? पोस्टात जन्म गेला माझा. लोकांची तोंडं बघून बोलणारा माणूस मी."

मंदार, म्हणजे माझा नवरा, वर्तमानपत्राआडून हसला. स्वतःच्या वडिलांना तो ओळखून होता.

सुरुवात मात्र चांगली झाली. हिरवळीवर पोरं नुसती सायकली फिरवतात हे दादांना बघवेना. त्यांनी वसाहतीतली सगळी पोरं गोळा केली आणि पकडापकडी शिकवली, आपली बेळगावची, सगळ्या नियमांसकट. आठवड्याभरात ती लालगोरी आयरिश पोरं "राज्य ऑन यू! राज्य ऑन यू!" असं ओरडत धावायला लागली. त्याच दिवसांत आयर्लंडच्या सरकारनं पॅलेस्टाईनला राज्य म्हणून मान्यता दिली. मी हौसेनं दुधाच्या पावडरीचे पेढे केले आणि वाटी घेऊन नबीलकाकांकडे गेले, अभिनंदन करायला. त्यांनी पेढा घेतला, छान झालाय म्हणाले. "सलमाला फोनवर सांगितलं, की आपल्याला राज्य मिळालं. ती म्हणाली, बरं झालं. त्यात राहायला कधी मिळेल ते विचारून ठेव." मी हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

संध्याकाळी ते चहाचा मग घेऊन हिरवळीच्या कडेला उभे होते. खेळता खेळता ईरानं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडली, "राज्य! नबीलकाका, यू हॅव द स्टेट!" रविवारच्या मराठी वर्गात महाराष्ट्र हे राज्य आहे, आणि राज्य म्हणजे स्टेट, असं बाईंनी शिकवलेलं. तिनं शब्दाला शब्द लावला होता. मला वाटलं, जमीन दुभंगावी. नबीलकाकांनी हातातला मग गवतावर ठेवला आणि अगदी गंभीरपणे दादांना विचारलं, "हिनं मला राज्य दिलं. आता मी काय करायचं?"

"ज्याच्यावर राज्य, त्यानं सगळ्यांच्या मागं पळायचं," दादा आपल्या पोस्टातल्या इंग्रजीत म्हणाले.

"म्हणजे राज्य मिळालेला राजा नाही?"

"कसला राजा ओ! राज्य म्हणजे शिक्षाच की."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे पळतात. दमले की भोज्याला हात लावतात. तो बाक आपला भोज्या. भोज्याला हात असला की कुणी त्यांना शिवू शकत नाही. एकदम सेफ."

"आणि ज्याच्यावर राज्य, त्याचा भोज्या कुठला?"

"त्याला कुठला भोज्या? त्यानं पळायचं."

"अगदीच पाय मोडले तर?"

"मग टाइम प्लीज." दादांनी मूठ वळून अंगठा वर केला. "कुणीही मागू शकतो. खेळ बंद. पळणारे सगळे बसतात. फक्त ज्याच्यावर राज्य, त्यानं होता तिथंच उभं राहायचं. त्यानं बसायचं नाही, नाहीतर राज्य कुणावर होतं ते पोरं विसरतात आणि भांडणं होतात."

समोरच्या घरातल्या मोरीनचा तीन वर्षांचा नातू सगळ्यांच्या मधून किंचाळत पळत होता. नबीलकाकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "याच्यावर राज्य येत नाही?"

"तो लिंबूटिंबू," दादा म्हणाले. "ल्हान आहे. सगळ्यांबरोबर पळतो, पण त्याचं काही धरायचं नसतं. त्याला खेळात घेतलंय एवढंच त्याला वाटलं पाहिजे."

नबीलकाका गवतावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. "संयुक्त राष्ट्रांत आम्ही हेच!" डोळे पुसत ते म्हणाले. "बसायला खुर्ची आहे, नावाची पाटी आहे, मत नाही. लिंबूटिंबू!" तो शब्द त्यांनी घोटून घोटून पाठ केला. मग उठले आणि खरोखरच पळाले, दुखऱ्या गुडघ्यासकट, पोरांच्या मागे. एकही पोर हाती लागलं नाही. त्यानंतर रस्त्यात कुणी "कसं काय?" विचारलं की ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "ग्रँड. लिंबूटिंबू आहे." विचारणाऱ्याला वाटायचं, अरबीत काहीतरी चांगलं म्हणाले.

पुढच्या रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. थालीपीठ, लोणी, वांग्याची भाजी. सगळं छान चाललं होतं. दादांनी तिसरं थालीपीठ संपवलं, हात धुतले, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "नबीलसाहेब, एक विचारतो, राग मानू नका. तुम्हाला राज्य पाहिजे, मान्य. पण शेजाऱ्याच्या सुरक्षेचं काय? त्याला काळजी वाटणारच की."

मी टेबलाखालून पाय मारला. तो मंदारला लागला.

"आणि राज्याचा प्रश्न आम्हालाही कळतो बघा," दादांची गाडी सुटली होती. "आम्ही सीमाभागातले. उभा जन्म आम्ही महाराष्ट्र राज्य मागतोय, अजून मिळालं नाही."

अरे देवा! बेळगाव! गाझाच्या माणसापुढे या माणसानं बेळगाव काढावं! लाजेनं मी भाजीच्या पातेल्यात बघत बसले. नबीलकाकांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "मग तुम्हाला हद्दीवर अडवतात का?"

"नाही, अडवत कुणी नाही. कोल्हापूरला आम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो."

"मग त्रास कसला?"

"बसवरच्या पाट्या कानडीत असतात," दादा म्हणाले. म्हणताना त्यांचं त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं, कारण आवाज शेवटी खाली गेला.

नबीलकाका इतके हसले, की ठसका लागला. "दादा," ते म्हणाले, "माझ्या आयुष्यात अशा एका बसमध्ये बसायची माझी फार इच्छा आहे. पाटी कुठल्याही भाषेत असू दे." मग फडक्यानं तोंड पुसून ते शांतपणे बोलायला लागले. "शेजाऱ्याची काळजी खरी आहे. त्या ऑक्टोबरमधल्या सकाळी पलीकडची माणसं त्यांच्या घरांत मारली गेली, ओढून नेली गेली, त्यांत पोरंही होती. ते मी कधीच झाकणार नाही. भीती खरी असते, दादा. फक्त चष्म्याचा नंबर चुकलेला असतो. चुकीच्या नंबरानं बघितलं की शिवणाची बाईसुद्धा बंदूकवाली दिसते."

दादा उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मी घाईघाईनं श्रीखंड आणलं.

दुसऱ्या दिवशी मी नबीलकाकांची माफी मागितली. दादा जुन्या वळणाचे आहेत, टीव्ही बघून बोलतात, त्यांना कळत नाही, मनावर घेऊ नका. आणि घरी येऊन दादांना तंबी दिली, की आता शेजारी जायचं नाही. दादांनी चक्क ऐकलं. सकाळी मागच्या अंगणात नुसते उभे राहायचे, कुंपणाकडे पाठ करून. मला वाटलं, मी फार सुसंस्कृतपणे प्रकरण मिटवलं.

मग एका संध्याकाळी दाराची घंटा वाजली. नबीलकाका. माझा चष्मा त्यांनी काढला नाही, तिथंच मला कळायला हवं होतं. "माझा शत्रू कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"अहो, मीच त्यांना सांगितलं की..."

"तुम्ही सांगितलंत?" ते म्हणाले. "मुली, या देशात मला सगळे लोक सहानुभूती देतात. दुकानात देतात, रस्त्यात देतात, केक करून देतात. तुम्ही पेढे दिलेत. सहानुभूती मिळालेला माणूस फक्त 'थँक यू' म्हणू शकतो. युअर मॅननं, तुमच्या या गृहस्थानं, मला पहिल्यांदा प्रश्न विचारला, आणि उत्तराची वाट बघितली. त्याला तुम्ही कोंडून ठेवलंत? आणि वर माझी माफी मागितलीत?"

ज्या माणसाची मला लाज वाटत होती, तोच एकटा त्यांच्याशी बरोबरीनं बोलला होता. आणि मी? नबीलकाकांना मी इतके महिने लिंबूटिंबूच धरलं होतं. खेळात घेतलंय एवढंच वाटू द्यायचं, त्याचं काही धरायचं नाही.

त्यानंतर ते दोघं रोज हिरवळीवरच्या त्या बाकावर बसायला लागले. भोज्यावर बसून सुरक्षेवर भांडायचे. दादांचं म्हणणं एकच, सुरक्षा आधी, राज्य नंतर. "उद्या तुमच्या राज्यात बंदूकवालेच खुर्चीत बसले तर शेजाऱ्यानं काय करायचं ओ?" नबीलकाका म्हणायचे, "त्या बंदूकवाल्यांनी माझ्या घरच्यांनाही कधी काही विचारलं नाही. मला राज्य हवंय ते त्यांच्यासाठी नाही, त्यांना 'नाही' म्हणता यावं म्हणून हवंय." दादा म्हणायचे, "मग शेजाऱ्याचा नंबर तपासा की." ते म्हणायचे, "तपासतो. पण डोळे तपासायच्या खुर्चीत दोघांनीही बसायला पाहिजे. एकानं कायम खुर्चीत आणि दुसऱ्यानं कायम दाराबाहेर, असा नंबर काढता येत नाही." स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दोघांचे हात हलताना दिसायचे. शेवटी नबीलकाका दादांचा चष्मा काढून पुसायचे, म्हणजे आजचं भांडण संपलं.

एका गोष्टीवर दादा जराही हलायचे नाहीत. "तपासणी झाल्याशिवाय माणूस सोडायचा कसा? पोस्टातसुद्धा आम्ही खात्री केल्याशिवाय पार्सल सोडत नव्हतो. तुमच्या बहिणीचं नाव तपासतायत, तर तपासू देत की. वेळ लागतोय, तर लागू दे."

"वेळ माझ्याकडे आहे," नबीलकाका म्हणायचे. "तिच्याकडे नाही."

एकदा ते बाकावर असतानाच सलमाचा फोन लागला. क्वचितच लागायचा. मी ईराला हाक मारायला बाहेर आले होते. नबीलकाकांनी फोन दादांच्या समोर धरला आणि ओळख करून दिली, "हा माझा शत्रू." पडद्यावर एक दमलेली, हसरी बाई, एका कानावरच्या काडीला पांढरा दोरा. मधे नबीलकाका भाषांतर करत होते. तिलाही साखर आणि दादांनाही साखर, मग काय विचारता! पाय सुजतात का, रात्री तहान लागते का, अशी दोघांची जुनी मैत्री असल्यासारखी बोलणी. मागून सारखा घर्र घर्र आवाज येत होता. "त्यांना म्हणावं, ती बोअरची मोटर जरा बंद करा, ऐकू येत नाही," दादा म्हणाले. नबीलकाकांनी ते भाषांतर केलं नाही. "ती मोटर नाही, दादा," ते म्हणाले. "ते वरून येतं. आकाशातून, ड्रोनचं. ते बंद होत नाही." फोन आपोआप तुटला.

त्या संध्याकाळी इन्सुलिन घ्यायला दादांनी आमचा फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात त्यांची पेनं ओळीनं लावलेली असतात, बेळगावहून आणलेली आणि इथली, चांगली भरपूर. दार उघडं टाकून ते तसेच उभे राहिले. "दादा, थंडी जातीय," मी म्हटलं. "सलमाबाई म्हणाल्या, कधी मिळतं कधी नाही," ते म्हणाले आणि दार लावलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठल्या उठल्या कुंपणाशी जाऊन विचारायचे, "नाव लागलं काय?" पण बाकावर बसलं की त्यांचं चालूच असायचं, तपासणी हवीच, वेळ लागला तर लागू दे. बोलायचे, पण आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता.

ऑगस्टमध्ये सलमा गेली. बॉम्बनं नाही, गोळीनं नाही. इन्सुलिन नव्हतं, इतकंच. यादीसाठी दिलेलं तिचं नाव तेव्हा तपासणीतच होतं.

इथं कुणी गेलं की लोक घरी येतात, सँडविच आणतात, हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणतात आणि बसून राहतात. नबीलकाकांच्या बैठकीच्या खोलीत मोरीन होती, दुकानातली दोन माणसं होती. मी मुगाची खिचडी केली. सुतकाच्या घरी दुसरं काय न्यावं, मला सुचेना. निघताना दादा जिन्यावर बसून होते, चपला पायात घातलेल्या, पण उठत नव्हते.

"चला ना, दादा."

"कुठल्या तोंडानं येऊ गं?" ते म्हणाले. "लागू दे म्हणत होतो की मी. वेळ लागतोय तर लागू दे, लागू दे, रोज म्हणत होतो."

मी म्हणायला हवं होतं, की तुमच्या म्हणण्यानं काही झालं नाही, दादा. पण ते खरं असूनही तोंडातून निघेना. मंदारनं त्यांच्या दंडाला धरलं आणि आम्ही चौघं शेजारी गेलो.

नबीलकाका मधल्या खुर्चीत बसले होते. टेबलावर दोरा न बांधलेला तो नवा चष्मा होता, वरच्या खोलीतून कुणीतरी खाली आणून ठेवलेला. लोकांनी सरकून आम्हाला जागा करून दिली. आम्ही बसलो. दादा त्यांच्या अगदी समोर, मान खाली घालून. नबीलकाका पुढे वाकले, दादांचा चष्मा काढला, खिशातून फडकं काढलं, हाऽऽ केलं, कडेकडेनं पुसला, दिव्याकडे धरला आणि त्यांच्या कानांवर चढवला.

"नाऊ," ते म्हणाले. "आता भांडा, दादा."

दादांनी नकारार्थी मान हलवली.

"सकाळपासून सगळे सॉरी म्हणतायत आणि मी थँक यू म्हणतोय. माझं तोंड दुखायला लागलंय. तुम्ही तरी नेहमीसारखं बोला. सुरक्षा म्हणा. तपासणी म्हणा. माझ्याकडे आज उत्तर आहे. चांगलं उत्तर आहे. विचारा."

मोरीन, मंदार, मी, सगळे आपापल्या कपांत बघत होतो. मग दादांनी उजवा हात वर केला. मूठ वळलेली, अंगठा वर.

"टाइम प्लीज," दादा म्हणाले.

नबीलकाकांनी त्या अंगठ्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठले आणि खोलीच्या मधोमध, होते तिथंच, हात खाली सोडून उभे राहिले. ईरानं माझा हात घट्ट धरला. तिला नियम माहीत होता. बसा, असं त्यांना म्हणायला कुणाचीही जीभ रेटली नाही. आम्ही सगळे बसलेलो होतो.